काळ्या टाक्याचा शर्ट

दि. ६ जानेवारी

चि. बारक्यास,
अ. उ. आ.

पत्र नाही, त्या अर्थी तुझं बरं चाललं असणार. तक्रार असल्याशिवाय तू कागद हातात धरत नाहीस. मी इथे दिवसभर पाणीपुरवठ्याच्या खिडकीत बसून लोकांच्या नळाच्या तक्रारी ऐकते, त्यात सख्ख्या भावाची एखादी आली नाही की चुकल्याचुकल्यासारखं होतं. फोन केला असता, पण फोन वाजला की आई तो तुझ्या हातातून ओढून घेते. आणि तिचे कान या वयातही असे तिखट, की तुझ्याशी म्हणून काही बोलायची सोय नाही.

परवा तिने मला अर्धा तास निळ्या रंगाचं कौतुक ऐकवलं. दुसऱ्याही डोळ्याचा मोतीबिंदू निघाल्यापासून जग धुऊन काढल्यासारखं दिसतंय म्हणे. मोरीतली बादली निळी आहे हे इतकी वर्षं तिला कोणी सांगितलंच नाही, म्हणून माझ्यावरही रागावली. मी म्हटलं, आई, मला तर बादलीच आठवत नाही. तर म्हणाली, तू घरी येशील तर आठवेल ना.

आता मुद्द्याचं. पुढच्या महिन्यात ती इथे यायचं म्हणते आहे. माझ्याकडे नव्हे, दादाच्या बँडच्या म्युझियममध्ये. माझ्याकडे फक्त मुक्काम. ते उघडून वर्ष झालं, माझी बस रोज त्याच्यावरून जाते आणि त्या वळणावर मी रोज तोंड दुसरीकडे फिरवते. पण आई येणार म्हटल्यावर आधी जाऊन जिने किती, बसायला बाकं आहेत का, हे बघणं भाग होतं. म्हणून रविवारी मन घट्ट करून गेले.

जुना साबणाचा कारखाना आहे. भिंतींना अजून साबणाचा वास येतो. खाली गिटारी, ढोल, माइक, सगळं काचेत. एका खोलीत कानाला लावायचे हेडफोन टांगलेत, पाहिजे ते गाणं ऐका. दादा गेल्यानंतर जन्मलेली पोरं दादाचा चेहरा छापलेले कपडे घालून हिंडत होती. एक मुलगी तर त्याच्या फोटोपुढे उभी राहून रडत होती. मला तिला सांगावंसं वाटलं, बाई गं, याला साधी धड मेथी ओळखता यायची नाही, कोथिंबीर घेऊन यायचा. पण तिच्याकडे बघून मलाच हुंदका आला आणि मी पाणी शोधत निघून गेले.

सगळा कारभार ढोल्या बघतो. आईने ठेवलेलं नाव अजून त्याला चालतं. डोक्यावर केस उरलेले नाहीत आणि पाय ओढत चालतो. गाडी उलटली तेव्हा दादा गेला आणि याचा पाय गेला, बाकीच्या दोघांना खरचटलंसुद्धा नाही. त्याने मला लांबून ओळखलं. आपल्या स्वयंपाकघरातले डबे बडवत हा ढोल शिकला, ते सगळे डबे त्याने मला एकेक करून आठवून दाखवले.

आणि मग त्याने मला वरच्या दालनात नेलं. पहिल्या रेकॉर्डच्या पाकिटावरचा फोटो आठवतो ना, चौघे पाठमोरे चाललेत आणि दादाच्या अंगात तो विटकरी चौकड्यांचा शर्ट? तो शर्ट तिथे बिनडोक्याच्या पुतळ्याला घातला आहे, आणि फोटो पाठमोरा म्हणून मागे आरसा लावला आहे. आरशात पाठही दिसते आणि कॉलरच्या आतली बाजूही. बारक्या, कॉलरच्या आत आईचा टाका आहे रे! बाबा दर वर्षी कापडाचा एकच तागा आणायचे आणि आई तुम्हा दोघांचे सारखे शर्ट शिवायची. पुढे तू उंचीला दादाला गाठलंस आणि रोज सकाळी कुठला कोणाचा यावरून तुमची मारामारी जुंपायला लागली. मग आईने कॉलरच्या आत खुणेचा टाका घालायला सुरुवात केली, दादाचा निळ्या दोऱ्याचा, तुझा काळ्या. तो निळा टाका मी डोळे भरून बघितला. ढोल्यालाही त्याचा पत्ता नव्हता.

आईला तिथे नेऊन तो दाखवायचा. आता तर तिला निळा रंग एवढा आवडायला लागलाय. तू दुकानाला दोन दिवस कुलूप लावशील ना? पंपांच्या जळक्या मोटारी दोन दिवस थांबल्या तर आणखी जळणार नाहीत.

वजन कमी कर, पत्रं वाढव. माया आहे ती तशीच राहू दे.

तुझी
ताई

दि. १३ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तक्रार आहे, म्हणून लिहितो आहे.

टाका निळाच होता का? नक्की? तिथल्या दिव्यांचा उजेड कसा होता? पिवळा असेल तर निळं आणि काळं सारखंच दिसतं, मी दिवसभर तारा गुंडाळतो, मला माहीत आहे. तू रडत होतीस असंही लिहिलं आहेस. रडणाऱ्या माणसाच्या साक्षीला किती धरायचं?

हे का विचारतो ते आता सांगावंच लागेल. इतकी वर्षं मी तुला बोललो नाही, कारण बोलण्यासारखं त्यात काही नव्हतं, नुसतंच लागण्यासारखं होतं.

दादा गेल्याच्या पुढच्या वर्षी ढोल्या आणि बाकीचे दोघे घरी आले होते. कधीतरी असं म्युझियम करायचं त्यांच्या मनात तेव्हापासून होतं. फोटोतला शर्ट आईकडे आहे का, असं त्यांनी विचारलं. दादा जुने कपडे घरीच टाकून जायचा, म्हणून होता. आई म्हणाली, उद्या या, शोधून ठेवते. दुसऱ्या दिवशी ते शर्ट घेऊन गेले. संध्याकाळी मी दुकानातून आलो तर जेवायला वाढता वाढता आई गालातल्या गालात हसत होती. मग तिने सांगितलं, की दादाचा शर्ट काही तिच्याने देववला नाही, म्हणून तिने पेटीतला माझा काढून दिला. दोन्ही सारखेच विटलेले, त्या पोरांना काय कळतंय, असं म्हणाली.

ताई, दादा गेल्यापासून आई पहिल्यांदा हसत होती. म्हणून मीही हसलो. आणखी एक पोळी मागून घेतली.

मला विचारलंही नाही गं तिने. शर्ट जुना होता, मला बसतही नव्हता, मान्य. पण माझा होता. दादाचा तो जपायचा आणि माझा तो देऊन टाकायचा, यात तिला विचारण्यासारखं काही वाटलंच नाही. त्यातून तो गेला दादाच्या नावाने! लोक तिकीट काढून माझा शर्ट बघणार आणि दादासाठी रडणार. तिथे जायचा विषय निघाला की दर वेळी माझ्याकडे अर्जंट मोटार कशी यायची, ते आता तुझ्या लक्षात आलं असेल.

आईची ती लहान उशी तू बघितली आहेस. आत कापूस नाही. दादाचा म्हणून ठेवलेल्या शर्टाची घडी करून तिने त्याच आठवड्यात त्याच्याभोवती अभ्रा चारी बाजूंनी शिवून टाकला. तेव्हापासून ती त्याच उशीवर झोपते, गाल टेकून. रडतेही त्याच्यावरच, मला पलीकडे ऐकू येतं.

त्या कापडाचे शर्ट जगात दोनच होते. निळ्या टाक्याचा काचेत असेल, तर उशीत कोणता आहे, ते तूच सांग. तेव्हापासूनच आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदूचा सारा धरायला लागला होता, तिला निळं-काळं एकच दिसत असणार. आणि चोरून करायचं काम, ते कोणाला विचारणार?

परत जाऊन बघ. न रडता बघ.

राग मानू नये, मानला तरी पत्रात लिहू नये.

तुझा
बारक्या

दि. २१ जानेवारी

चि. बारक्यास,
अ. उ. आ.

गेले, बघितलं, न रडता बघितलं. ढोल्याने माझ्यासाठी काच उघडली. शर्ट पुतळ्यावरून काढून दोघांनी खिडकीपाशी दिवसाच्या उजेडात नेला. निळा आहे. काळ्याचा काही संबंधच नाही.

ढोल्याला सगळं सांगावं लागलं. आधी तो पोट धरून हसला. आईने आपल्याला फसवायचं ठरवलं आणि फसवता फसवता खरा शर्ट देऊन बसली, हे त्याला फारच आवडलं. मग शर्टाची बाही हातात धरून बसून राहिला. म्हणाला, हा आईंचा आहे. त्या म्हणतील तेव्हा, म्हणतील तसा परत. बदल्यात उशीतला मिळाला तर ठीक, नाही मिळाला तर पुतळा उघडा उभा राहील.

म्हणजे तो प्रश्न सुटला. आता उरलास तू.

तुझं पत्र वाचून मी एक दिवस कामावरही कोणाशी धड बोलले नाही. एका बाईच्या नळाला आठ दिवस पाणी नव्हतं, तिच्यावरच खेकसले. तुला इतकं लागलं होतं आणि मी दर पत्रात तुझ्या वजनाची थट्टा करत राहिले. पण बारक्या, आपली आई अशीच आहे रे. गेलेल्याला धरून ठेवायला तिला दोन हात लागायचे, तू तर समोर होतास. समोरच्याला धरून ठेवावं लागतं हे तिच्या ध्यानातच आलं नाही. याने तुझं दुखणं कमी होणार नाही, कळतं मला. तरी लिहिते.

आता काय करायचं ते तू ठरव, कारण तू तिच्याजवळ आहेस. एक तर तिला आणूच नको. जिने फार आहेत असं सांग. खरं तर एकच आहे आणि लिफ्टही आहे, पण तिला कुठे माहीत. किंवा आणायचं असेल तर आधी घरीच, शांतपणे, हातात हात घेऊन सांग. इथे आली की ती पहिल्यांदा कॉलरच बघेल, शिवणारी बाई दुसरं काय बघणार? चारचौघांत, आरशापुढे उभं असताना तिला कळू नये एवढंच माझं म्हणणं. काहीबाही झालं तर आपण दोघं जन्मभर एकमेकांकडे बघत बसू.

उत्तर लवकर दे. तुझ्याकडून लवकर म्हणजे आठवडा, हे धरून चालते.

जिवाला जप, आईला जप, क्रम हाच ठेव.

तुझी
ताई

दि. १ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

दहा तारखेला सकाळच्या गाडीने आम्ही दोघं निघतो आहोत. जिने फार आहेत हे सांगून बघितलं. तर म्हणाली, मी काय तुझ्यासारखी पिंप आहे का.

दुसरं सांगायचा प्रयत्न तीनदा केला. एकदा ती शेंगा निवडत होती. मी शेजारी बसलो, हात हातात घ्यायला गेलो तर तिने माझ्या हातात शेंगा ठेवल्या. एकदा तर तोंड उघडलंसुद्धा. पण तिने तेवढ्यात नव्या साडीचा पदर दाखवला, म्युझियमला नेसणार आहे म्हणे, याच्यात निळं आहे बघ. मी म्हटलं, छान आहे. झालं माझं सांगून.

पण ताई, खरं कारण ते नाही. तुला म्हणून लिहितो, फाडून टाक. आईला कळू नये असंच मला वाटतं आहे, आणि ते तिच्यासाठी नाही, माझ्यासाठी.

तुझं पहिलं पत्र आल्यापासून मी रोज सकाळी तिचं अंथरूण काढतो. ती नको म्हणते, मी काढतो. ती उशी उचलून ठेवताना हातात जरा जास्त वेळ राहते. इतकी वर्षं तिचा गाल माझ्या शर्टावर होता. तिला वाटत होतं दादा, पण होतो मी. पन्नाशीला आलेल्या माणसाने असलं काही लिहावं याची लाज वाटते. पण मला ते बरं वाटलं, फार बरं वाटलं. घरात शिरताना पूर्वी जे एक ओझं वाटायचं ते या दिवसांत वाटलं नाही.

आता ती तिथे जाईल, बघेल, आणि घरी येऊन उशी बाजूला काढेल. काढणारच, कोणीही काढेल. दादाचा शर्ट तिला परत हवा असेल तर मी स्वतः जाऊन घेऊन येईन, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण माझा तिथून उचलून बाजूला टाकलेला मला बघवणार नाही. एकदा दिला तो दिला. दुसऱ्यांदा नको.

तरी आणतो आहे. तिच्या डोळ्यांपुढे आता काही आड नाही, मी तरी कशाला आड येऊ? स्टेशनवर ये. खाण्याचं काही आणू नकोस, ती चार दिवसांचं बांधून घेते आहे.

आहे तेवढी तरी माया शिल्लक ठेवावी.

तुझा
बारक्या

दि. १७ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

सुखरूप पोहोचलो. सुखरूपमधलं रूप तेवढं खरं.

त्या दिवशी तू आईसाठी खुर्ची आणायला खाली गेलीस आणि परत आलीस तेव्हा ती शांत उभी होती. संध्याकाळी तू मला खुणेने विचारलंस, मी खुणेनेच नंतर म्हटलं. आता ते सांगतो.

तू गेल्यावर ती शर्टासमोर गेली. आधी काजं बघितली, बोटाने हवेत मोजली. मग बाजूला सरकून आरशात वाकली. मी तिच्या मागे होतो, मला आरशात तिचा चेहरा दिसत होता, पुतळ्याला डोकं नाही तिथे बरोबर तिचा चेहरा आला होता. ती एकच शब्द बोलली, निळा. बादली बघून म्हणाली होती तशीच. मग तिने आरशातूनच माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली, आणि त्यावरून मला सगळं माहीत होतं हे तिला कळलं असणार.

ढोल्या लंगडत पुढे आला. म्हणाला, आई, तुम्ही नुसतं म्हणा, आत्ता काढून देतो. तिने मान हलवली. डावी बाही चुरगळली आहे, इस्त्री करत जा, एवढंच त्याला सांगितलं. तेवढ्यात तू खुर्ची आणलीस. मग ती हेडफोन लावून दादाचं गाणं ऐकत बसली आणि आपल्याला वाटलं की निभावलं.

गाडीत खिडकीबाहेर तोंड करून बसली. बांधून आणलेल्यातलं उरलं होतं, तेही उघडलं नाही. मी पाणी दिलं, प्यायली. घरी पोहोचलो, तर पायांतल्या चपला न काढता सरळ आत गेली, अंथरुणावरून ती उशी उचलली आणि मला म्हणाली, आत येऊ नकोस. दार लावून घेतलं. थोड्या वेळाने कात्रीचा आवाज आला, टराटर शिवण उसवल्याचा. मी बाहेर उभा होतो.

म्हणजे माझं म्हणणं खरं ठरलं, बाजूला टाकायला चपला काढायचीही वाट बघितली नाही. आता ती डोक्याखाली शालीची गुंडाळी घेऊन झोपते. शर्टाचं काय केलं मला माहीत नाही, मी विचारलं नाही. दोन दिवस झाले, डबा घेऊन दुकानात जातो आणि तिथेच बसून असतो. दुकानात काम आहेच, एका पिठाच्या गिरणीची मोटार आली आहे, आतून पार कोळसा झालेली.

तू फोन केलास तर यातलं काही काढू नकोस. तिने शर्ट परत मागवला तर मला कळव, मी येऊन घेऊन जाईन. दिलेला शब्द आहे.

अधिक लिहिण्यासारखं काही नाही. लोभाचं तू बघ.

तुझा
बारक्या

दि. २३ फेब्रुवारी

चि. ताईस,
अ. उ. आ.

हे माझ्या हाताने लिहिते आहे, किती वर्षांनी ते देवाला ठाऊक. अक्षर वाकडं आलं तर हसू नकोस, ओळी तर सरळ दिसताहेत.

बारक्याने तुला लिहिलंच असेल. तो माझ्याशी बोलत नाही म्हणजे तुझ्याशी बोलतो, लहानपणापासून तसंच. आठवडाभर त्याचं तोंड गिरणीच्या जात्यासारखं झालं होतं. मीही बोलले नाही, कारण माझ्या हातातलं काम पुरं झालं नव्हतं आणि अर्धवट काम मी कोणाला दाखवत नाही.

ढोल्याला फसवलं ते खरं. त्याची मला लाज नाही, मी आई आहे. पण आरशात तो निळा टाका बघितला आणि मी घाबरले. दादाचं हातचं गेलं म्हणून नाही गं. मला एकदम दिसलं ते दुसरंच. जो गेला त्याच्यासाठी मी इतकी वर्षं रडले ती कोणाच्या कपड्यावर? पलीकडच्या खोलीत जो श्वास घेत झोपला आहे त्याच्या! जित्या माणसाच्या कपड्यावर कोणी असं रडतं का? अपशकुन तो. तू म्हणशील, आई, हे काय खुळ्यासारखं. असू दे खुळ्यासारखं. त्याची कंबर धरते, त्याचं लग्न ठरून मोडलं, मग ठरलंच नाही, दुकानाला आग लागली होती, सगळं माझ्या डोळ्यांपुढून गेलं. गाडीत मी त्याच्याकडे बघू शकले नाही. त्याला वाटलं मी रागावले.

घरी आले तशी ती उशी आधी त्याच्या नजरेआड केली. स्वतःचा शर्ट तसा मुडद्यासारखा शिवून ठेवलेला त्याला दिसू नये म्हणून आत येऊ नकोस म्हटलं. उसवला. कॉलरमध्ये काळा टाका होता, माझाच. तो शर्ट मी दोन पाण्यांतून धुतला आणि बारक्या दुकानात गेला की वाळत घालायची, यायच्या आधी काढायची. चांगली दोन उन्हं दिली.

मग परवा त्याला बोलावलं आणि म्हटलं, घाल. त्याने आधी कॉलर उलटून बघितली. मी म्हटलं, तुझा आहे, तूच घालायचा, माझ्या डोळ्यांसमोर. घातला. बटणं कुठली लागताहेत, वीतभर अंतर! शिवणीत दुमडून ठेवलेली माया सगळी सोडली तरी पुरेना. तेव्हा मापाची टेप काढून त्याला उभा केला. ताई, त्याचं माप मी शेवटचं कधी घेतलं ते मला आठवेना. कॉलेजात असेल. तो छातीने एवढा रुंद झाला आहे, त्याचा एक खांदा दुसऱ्यापेक्षा उतरला आहे, मानेवर पांढरे केस आले आहेत, यातलं मला काही माहीत नव्हतं. एका घरात राहतो आम्ही. टेप धरून मी तशीच उभी राहिले तर म्हणाला, आई, झालं का, हात दुखले. मी म्हटलं, उभा राहा, मला अजून बघायचं आहे.

त्या ताग्याचा एक तुकडा मी चिंध्यांच्या गाठोड्यात ठेवला होता. त्याच्या पट्ट्या काढून दोन्ही कुशींना आणि मुंढ्याखाली, काखेत लावल्या. शर्ट विटून गेलेला आणि पट्ट्या कोऱ्या, त्यामुळे दोन्ही बाजूंना गडद विटकरी रंगाचे पट्टे दिसतात. गिऱ्हाइकं हसतील. काल सकाळी मी म्हटलं, हसू दे, तू आज हाच घालून दुकानात जा. गेला.

दादाचा शर्ट तिथेच राहू दे. त्याला माणसं लागायचीच भोवती, घरात मी एकटी त्याला कधी पुरले नाही. मला रडायचं ते मी रडेन, त्याला उशी लागत नाही. तू मात्र बसमधून जाताना तोंड फिरवतेस असं ढोल्या म्हणत होता, त्याने तुला खिडकीतून बघितलं आहे. फिरवू नकोस. आठवड्यातून एकदा उतर आणि डावी बाही इस्त्री केली आहे का ते बघून मला कळव.

बाकी क्षेम. माझे आशीर्वाद तुम्हा तिघांना सारखेच, कोणाला कमी पोचले असतील तर ती माझी नजर, आशीर्वाद नव्हेत.

तुझी
आई

ता. क. आईने पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं, म्हणून वाचलं. मुडद्यासारखा हा शब्द खोडायला सांगणार होतो, राहू दिला. शर्ट काखेत काचतो. गिरणीवाला हसला. काल घातला तो आजही अंगातच आहे. आई मघापासून दोनदा येऊन गेली, धुवायला टाक म्हणते. टाकत नाही.

बारक्या